रिपोर्ट सुधारायचा की साखर? कार्यकारणभाव धरून निर्णय घेण्याची रीत

माझ्या काकांची साखर दर चार महिन्यांनी तपासायची असते. तपासणीच्या आधीचे तीन दिवस त्यांच्या घरचा स्वयंपाकच बदलतो. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, बिनसाखरेचा चहा, भात पूर्ण बंद. चौथ्या दिवशी सकाळी ते उपाशीपोटी रक्त देऊन येतात आणि संध्याकाळी रिपोर्टावर ११५ चा आकडा दिसला की काकूंना म्हणतात, "बघ, आहे की नाही आटोक्यात?" त्या रात्री पानात आमरस असतो.

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी सोबत एचबीएवनसीही करायला सांगितली. आकडा आला ८.४. तो ६.५ किंवा त्याहून वर गेला की मधुमेह धरतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते ही चाचणी मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब त्या एका आकड्यात उतरतो. काका फार हिरमुसले. "तीन दिवस किती कडक पाळलं होतं मी," असं पुन्हापुन्हा म्हणत राहिले, आणि ते खरंच होतं.

त्या तीन दिवसांत त्यांची साखर तेवढ्यापुरती उतरली असेलही. पण डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा ज्या साखरेमुळे बिघडतात, ती महिनोन्महिने चढलेली साखर होती तशीच होती. काकांनी साखरेची बातमी सुधारली होती. आपण सगळेच हे करतो, आणि बहुतेक वेळा ते आपल्या ध्यानातही येत नाही.

निर्णय शहाणपणाचा कशानं ठरतो, या प्रश्नावर तत्त्वज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ गेली पन्नासेक वर्षं वाद घालताहेत. त्यातला एक पक्ष म्हणतो: एखादा पर्याय निवडल्यामुळे जे घडेल, तेवढ्यावरच त्याची किंमत करा. तो पर्याय निवडल्यावर तुमच्याविषयी किंवा जगाविषयी जी बातमी कळेल, ती हिशेबात धरू नका. याला कार्यकारणाधारित निर्णयसिद्धांत म्हणता येईल. मी या पक्षाचा आहे. त्याचे कच्चे दुवेही आहेत, ते पुढे सांगतोच. आधी घरातल्या निर्णयाला तो कसा लावायचा, ते एका उदाहरणावरून पायरीपायरीनं पाहू.

उदाहरण घेऊ दहावी झालेल्या एका मुलीचं. घरात चर्चा चालू आहे: शहरातल्या नामांकित क्लासला घालायचं, की कॉलेज आणि घरचा अभ्यास यावर भिस्त ठेवायची? क्लासची दोन वर्षांची फी २ लाख, शिवाय रोज जाऊन-येऊन अडीच तास. चौकातल्या फ्लेक्सवर त्या क्लासच्या मुलांचे हसरे फोटो, प्रत्येकाखाली मार्क. वडील म्हणतात, "तिथली शंभरातली सत्तर मुलं हव्या त्या कॉलेजात जातात. इथल्या कॉलेजातली वीस. आणखी काय बघायचं?"

पायरी १: तीन रकाने आखा

वहीचं एक पान आडवं धरा. डावीकडे आपले पर्याय लिहा, वरच्या बाजूला परिस्थिती काय काय असू शकते ते लिहा, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत फळ. पर्याय म्हणजे मी काय करू शकतो, परिस्थिती म्हणजे जग कसं आहे, फळ म्हणजे त्या दोघांतून काय हाती येतं. ही मांडणी लिओनार्ड सॅव्हेज या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं १९५४ साली आपल्या ग्रंथात पक्की केली. दिसायला किरकोळ वाटते, पण घरातले निम्मे वाद इथेच मिटतात, कारण एकजण पर्यायाबद्दल बोलत असतो आणि दुसरा परिस्थितीबद्दल.

आपल्या मुलीच्या बाबतीत पर्याय दोन. परिस्थितीच्या रकान्यात येईल तिचा पाया किती पक्का आहे, तिला गर्दीत शिकायला जमतं का, त्या वर्षीचा पेपर कसा निघेल. फळ म्हणजे प्रवेश मिळणं किंवा न मिळणं, आणि त्यासोबत गेलेला पैसा, झोप, तब्येत.

पायरी २: प्रत्येक ओळीला विचारा, "माझ्या निवडीनं हे हलतं का?"

या रीतीचा कणा इथे आहे, म्हणून घाई करू नका. पेन्सिलीनं प्रत्येक गोष्टीपुढे खूण करा: हलतं किंवा हलत नाही.

मुलीचा दहावीपर्यंतचा पाया: हलत नाही, तो झालेला आहे. पेपरची काठिण्यपातळी: हलत नाही. रोज मिळणारा सरावाचा वेळ: हलतो. शंका विचारायला माणूस असणं: हलतं. झोप: हलते, आणि बहुतेक वेळा उलट्या दिशेनं.

आधीच खर्च झालेल्या गोष्टी याच खुणेनं बाजूला पडतात. "एवढे ४० हजार भरलेत, आता मध्येच कसं सोडायचं?" हे वाक्य ऐकलं की पेन्सिल घ्या. भरलेले आणि परत न मिळणारे पैसे दोन्ही पर्यायांत सारखेच गेलेले आहेत. त्यांच्यापुढे "हलत नाही" लिहायचं आणि पुढे जायचं.

पायरी ३: बाण काढा

आता गोष्टींची नावं लिहून त्यांच्यामध्ये बाण काढा. बाणाचा अर्थ एकच: "याच्यामुळे ते होतं." नुसत्या सोबत दिसणाऱ्या गोष्टींमध्ये बाण काढायचा नाही.

मराठीला हा फरक फार जुना ठाऊक आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असं आपण म्हणतो. पण योगायोगाहून फसवी एक तिसरी गोष्ट असते: दोन गोष्टी नेहमी सोबत येतात, एकीवरून दुसरीचा अंदाजही बरोबर निघतो, तरी एक दुसरीचं कारण नसते. पावशा ओरडू लागला की शेतकरी म्हणतो "पेर्ते व्हा" आलं, पाऊस जवळ आला. खूण म्हणून ती कामाची आहे, तिच्यावरून बियाण्याची तयारी करणं शहाणपणाचं आहे. पण पावशाला पिंजऱ्यात कोंडून पाऊस अडत नाही आणि त्याचा आवाज भोंग्यावर लावून पाऊस पडत नाही. खूण वाचायची असते. ती स्वतः तयार केली की तिच्यातून काहीच कळेनासं होतं. काकांचा उपाशीपोटीचा रिपोर्ट हा असाच भोंग्यावरचा पावशा होता.

क्लासच्या चित्रात बाण कसे येतात ते पाहा. त्या क्लासला प्रवेश परीक्षा आहे, पक्क्या पायाचीच मुलं आत जातात. म्हणजे "पक्का पाया" मधून एक बाण "क्लासमध्ये असणं" कडे जातो आणि दुसरा "चांगले मार्क" कडे. क्लासमधून मार्कांकडे जाणारा बाणही असेल, पण फ्लेक्सवरचे फोटो पाहून तो किती जाड आहे ते कळत नाही.

चित्र काढताना घाईत खरा बाण खोडून टाकण्याचाही धोका असतो, आणि त्याची मोठी ऐतिहासिक साक्ष आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली ब्रिटनमध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवलं. त्यावर १९५७-५८ च्या सुमारास आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतले एक, रोनाल्ड फिशर, यांनी आक्षेप घेतला: सिगारेटची ओढ आणि कर्करोगाची शक्यता, दोन्ही एखाद्या आनुवंशिक गुणातून येत असतील तर? मग सिगारेट ही नुसती खूण ठरेल आणि ती सोडून काही फायदा नाही. फिशर स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते, पण युक्तिवाद म्हणून त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मिळालं ते सोडणाऱ्यांकडे पाहून. डॉल आणि त्यांचे सहकारी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून पाठपुरावा करत राहिले. २००४ साली पन्नास वर्षांचा हिशेब आला: साठाव्या वर्षी सिगारेट सोडली तर सुमारे ३ वर्षं आयुष्य वाढतं, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडली तर १०. नुसती खूण असती, तर सोडल्याच्या वयाप्रमाणे आयुष्य असं पायरीपायरीनं वाढलं नसतं. बाण खरा होता.

म्हणून शंका आली की हेच विचारा: बाकी सगळं तसंच ठेवून फक्त ही एक गोष्ट बाहेरून बदलली, तर पुढचं बदलतं का?

तपासण्या टाळणाऱ्यांनाही हाच बाण दाखवावा लागतो. छातीत गाठ लागते आहे आणि बाई म्हणतात, "नको बाई, दाखवायला गेलं आणि तेच निघालं तर?" तपासणीकडून आजाराकडे बाण जात नाही. तपासणीकडून उपचाराकडे मात्र जातो, आणि तो लवकर काढला तर फार जाड असतो. माझ्या घरात हे एकदा उशिरा समजलं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

पायरी ४: "असेल तर" आणि "असता तर" वेगळे ठेवा

आता शक्यता लिहायच्या. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि मराठी व्याकरण ते सुटे करायला आयतं मदतीला येतं. ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा:

"तो छत्री घेऊन निघाला असेल, तर बाहेर पाऊस असणार."

"तो छत्री घेऊन निघाला असता, तर बाहेर पाऊस पडला असता."

पहिलं वाक्य पटतं. दुसरं कुणालाही वेडगळ वाटेल. पहिल्यात छत्री ही खूण आहे, दुसऱ्यात आपण तिला कारण करून टाकलं. तत्त्वज्ञ रॉबर्ट स्टॉलनेकर यांनी १९७२ साली दुसरे तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांना लिहिलेल्या पत्रात हीच दिशा सुचवली होती, आणि १९७८ साली ॲलन गिबर्ड व विल्यम हार्पर यांनी ती सविस्तर मांडली: निर्णय घेताना दुसऱ्या प्रकारचा "तर" वापरावा.

आपल्या वहीत म्हणजे काय? "एखादी मुलगी त्या क्लासमध्ये असेल, तर तिला प्रवेश मिळण्याची शक्यता किती?" याचं उत्तर फ्लेक्सवर आहे. "याच मुलीला क्लास लावला, तर तिची शक्यता किती, आणि नाही लावला तर किती?" हा आपला प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला क्लासची प्रवेश परीक्षा पास होऊनही ज्यांनी क्लास लावला नाही, अशी मुलं पाहावी लागतील. प्रत्येक गावात अशी चार-पाच मुलं असतात: कुणाला फी जमली नाही, कुणाचं घर लांब होतं. त्यांच्या आईवडिलांकडे जाऊन चहा घ्या. त्या अर्ध्या तासातून जे कळेल ते कुठल्याही जाहिरातीत नसतं.

पायरी ५: गुणाकार करा

समजा, चौकशीत असं आढळलं की प्रवेश परीक्षा पास होऊनही क्लास न लावलेल्या मुलांपैकी शंभरात ६२ जण हव्या त्या कॉलेजात पोचतात. हे आकडे माझे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे वेगळे निघतील. क्लासमधल्यांचे ७०. म्हणजे अशा मुलीसाठी क्लासचा परिणाम आठ टक्क्यांचा. वडिलांना वाटत होता तो पन्नास टक्क्यांचा, सत्तर वजा वीस.

आता पैशाची बाजू. पन्नास टक्के वाढीसाठी २ लाख द्यायचे असतील, तर त्या जागेची किंमत तुमच्या लेखी किमान ४ लाख असली की सौदा परवडतो. आठ टक्के वाढीसाठी तेच २ लाख द्यायचे, तर जागेची किंमत किमान २५ लाख मानावी लागते. २ ला ०.०८ नं भागा, आलंच. काही घरांना ती तेवढी वाटेलही, आणि मग क्लास लावणं त्यांच्यासाठी योग्यच. अडीच तासांच्या प्रवासाची किंमतही याच रकान्यात धरा. ती रुपयांत मांडता येत नसेल तर मुलीला विचारा, तिला बरोबर सांगता येते.

मुलगी ती प्रवेश परीक्षा पास होईल की नाही हेच माहीत नसेल, तर परीक्षा जरूर देऊन पाहा. ती खूण वाचण्याचा स्वस्त मार्ग आहे.

पायरी ६: "काहीही झालं तरी" हे शब्द तपासा

एक पर्याय प्रत्येक परिस्थितीत वरचढ असेल, तर शक्यता मोजायची गरजच उरत नाही, तो निवडावा. हा नियम खरा आहे, पण त्याला एक अट आहे: परिस्थिती माझ्या निवडीनं हलता कामा नये. ही अट विसरली की काय होतं? "मी एकतर पास होणार नाहीतर नापास. पास होणार असेन तर अभ्यास फुकट, नापास होणार असेन तरीही फुकट. म्हणजे अभ्यास न करणंच बरं." असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी! रोममध्ये सिसेरोनं हा आळशी युक्तिवाद आजारपण आणि वैद्य यांच्या उदाहरणानं नोंदवून ठेवला आहे आणि त्यावरचं ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपसचं उत्तरही दिलं आहे: बरं होणं लिहिलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्यासोबतच लिहिलेलं असतं. पास होणं अभ्यासानं हलतं. तिथे "काहीही झालं तरी" म्हणायचा हक्क नाही.

कच्चा दुवा: दोन खोके

हा नियम जिथे खरोखर लागतो, तिथे तो इतका बोचतो की विद्वानांतही दोन तट पडलेत. कोडं कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम न्यूकम यांचं, छापलं तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९६९ साली. पुढ्यात दोन खोके आहेत. पारदर्शक खोक्यात १,००० डॉलर. बंद खोक्यात १० लाख डॉलर किंवा काहीच नाही. तुम्ही फक्त बंद खोका घेऊ शकता, किंवा दोन्ही. मनं ओळखण्यात पटाईत असलेल्या एकानं काल भाकीत केलंय: तुम्ही फक्त बंद खोका घ्याल असं वाटलं असेल तर त्यानं आत १० लाख ठेवलेत, दोन्ही घ्याल असं वाटलं असेल तर तो रिकामा ठेवलाय. त्याची भाकितं दहात नऊ वेळा खरी ठरतात.

बातमीच्या हिशेबानं एकच खोका घेणाऱ्याला सरासरी ९ लाख मिळतात, दोन्ही घेणाऱ्याला १ लाख १ हजार. पण पैसे कालच ठेवले आहेत. आत्ताच्या माझ्या हातानं ते हलत नाहीत. आत १० लाख असोत वा शून्य, दोन्ही घेतले तर १,००० जास्तच. म्हणून कार्यकारणवादी म्हणतात, दोन्ही घ्या. हा पेच जादुई भविष्यवेत्त्यापुरता नाही. भाकीत ५०.०५ टक्क्यांहून जरा जास्त बरोबर असलं, तरी दोन हिशेब वेगळे निघतात.

दुसऱ्या तटाचा टोला सरळ आहे: इतके शहाणे आहात, तर मग श्रीमंत का नाही? लुइस यांनी १९८१ साली याच प्रश्नाला धरून लेख लिहिला. त्यांचं उत्तर मला पटतं: त्या खेळात बक्षीस अविचारी माणसालाच ठेवलेलं आहे, आणि ते ठेवलं गेलं तेव्हा आपला निर्णय व्हायचा होता. इंग्रजी जगातल्या तत्त्वज्ञांच्या २०२० सालच्या सर्वेक्षणात ३९ टक्के दोन्ही खोक्यांच्या बाजूचे निघाले, ३१ टक्के एकाच्या. वाद मिटलेला नाही, आणि एक खोका घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

याहून मला छळतो तो गिबर्ड आणि हार्पर यांनी पुढे आणलेला दमास्कसचा पेच. मृत्यू एका माणसाला दमास्कसमध्ये भेटतो आणि म्हणतो, उद्या तुला न्यायला येतो. तो माणूस उद्या कुठे असेल हे मृत्यूच्या वहीत आधीच लिहिलंय. दमास्कसमध्येच थांबायचं ठरवलं की वाटतं, मृत्यूनं तेच ओळखलं असणार, अलेप्पोला जावं. निघायचं ठरवलं की वाटतं, तेही ओळखलं असणार. ठरवलेला प्रत्येक निर्णय ठरवताक्षणीच चुकीचा वाटू लागतो. या फिरत्या चक्रातून नेमकं कसं सुटायचं, याचं सर्वांना मान्य उत्तर या सिद्धांताकडे नाही.

पायरी ७: निर्णय मागे सरकवता येतो का, ते पाहा

न्यूकमच्या कोड्यातून घरी आणण्यासारखी एक गोष्ट आहे. भाकीत होण्याआधीच मला स्वतःला बांधून घेता आलं असतं, तर? आदल्या दिवशी मी असा करार केला असता की दोन खोके घेतले तर सगळे पैसे दान जातील, तर त्या करारामुळेच भाकीत करणाऱ्यानं १० लाख ठेवले असते. इथे बाण खरा आहे. म्हणून कार्यकारणवादीही आदल्या दिवशी तो करार आनंदानं करेल. आज जे हलत नाही, ते काल हललं असतं. म्हणून ज्या प्रसंगी आपण घसरणार हे ठाऊक असतं, तिथला निर्णय त्या प्रसंगाच्या आधी घेऊन टाकावा. पगार जमा होताच परस्पर कापला जाणारा हप्ता हेच करतो.

काकांच्या घरी आम्ही हेच केलं. तपासणीची तारीख आता माझी चुलत बहीण ठरवते आणि ती कुणाला सांगत नाही. लॅबचा मुलगा एखाद्या सकाळी साडेसहाला दार वाजवतो. पहिल्यांदा आला त्याच्या आदल्या रात्री घरात श्रीखंड होतं. उपाशीपोटीचा आकडा १७२ आला. काकांनी तो रिपोर्ट बराच वेळ हातात धरला, मग चष्मा काढून काकूंना म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी चालायला जाऊ या."